आबांच्या कुत्र्याचं पोट

आमच्या घरी सासरे वारले, त्या सुतकाच्या दिवसांत सगळ्यात मोठ्यानं कोण बोललं असेल, तर कुत्र्याचं पोट. बाकी आम्ही माणसं खालच्या आवाजात बोलत होतो, किंवा रडत होतो, किंवा रडून रडून दमल्यामुळं गप्प होतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. निमगाव केतकीच्या बाहेर आमची वस्ती. चार खोल्या, वर पत्रा, पुढं पडवी, अंगण, अंगणापलीकडं गोठा आणि चारी बाजूंनी ऊस. तेव्हा ऊस तोडीला आला नव्हता, पण माणसाच्या डोक्यावर गेला होता. पुढच्या दारात उभं राहावं तर ऊस, मागच्या दारी जावं तर ऊस. वारा सुटला की पाचट सळसळायचं आणि वाटायचं, कुणीतरी येतंय. सुतक असल्यामुळं खरोखरच कुणीतरी येत असायचं.

मी तेव्हा तिशीला टेकलेली, दोन लेकरांची आई. माहेर बारामतीचं, अगदी पेठेतलं, आणि शिक्षण बारावी सायन्स. पुढं त्या सायन्सचं काही झालं नाही. पण बायका लग्नातला शालू जपतात तसं मी ते जपून ठेवलं होतं. नेसायचा कधीच नाही, पण आहे हे सगळ्यांना ठाऊक पाहिजे. शाळा बुडायला नको म्हणून पोरांना माझ्या आईकडं बारामतीला धाडलं होतं. "मीच सोडून येते की," असं मी हळूच सुचवूनही पाहिलं. सगळ्या बायकांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की जणू मी सुतकात सिनेमाला निघाले होते. थोरली सून उंबरा ओलांडते होय! तिनं कोपऱ्यात घोंगड्यावर बसायचं, पदर नाकापर्यंत. बायकांचा नवा घोळका अंगणात हेल काढत आला की उठायचं, त्यांच्या गळ्यात पडायचं, रडायचं. ते बसले की आपण बसायचं. ते गेले की पुढचा घोळका. येणाऱ्याला 'या' म्हणायचं नाही आणि जाणारा 'येतो' म्हणत नाही, त्यामुळं कोण आलं आणि कोण गेलं हेच कळायचं नाही. घर मात्र भरलेलंच.

समोरच्या भिंतीला आमचे हे. डोकं भादरलेलं, खांद्यावर उपरणं, क्रियेला बसलेले. तेही माझ्याइतकेच अडकलेले. दिवसभर समोरासमोर बसून नवऱ्याशी एक शब्द बोलता येत नाही, ही शिक्षा आहे की सवलत, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही.

आणि तिसरं अडकलेलं कुत्रं.

सासऱ्यांना सगळे आबा म्हणत, मीसुद्धा. आबांच्या तरुणपणी घरात मेंढरं होती. पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली; पण मेंढरांमागचं कुत्रं पाळायची खोड काही गेली नाही. हे त्यांचं शेवटचं कुत्रं. त्यानं जन्मात मेंढरू पाहिलं नव्हतं. ते कोंबड्या वळायचं आणि कोंबड्या नसल्या तर मला वळायचं. पदर धरून गोठ्याकडं न्यायचं. त्याला नाव नव्हतं. आबा नुसती शीळ घालायचे. माझं आणि त्याचं जमत नव्हतं, कारण त्यानं माझे चपलांचे दोन जोड बिघडवले होते आणि दोन्ही वेळा डावीच चप्पल खाल्ली होती. उजव्या दोन मी ठेवून दिल्या होत्या. कशासाठी, ते त्या बारावी सायन्सवालीला विचारा.

आता आबांच्या गुळाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आबांना गुळाचं वेड. म्हातारपणी साखरेचा आजार निघाला आणि डॉक्टरनं गोड बंद करून टाकलं. सासूबाईंनी गुळाचा डबा कपाटात घातला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. आबा पोरासारखे मागायचे, सासूबाई आईसारख्या रागवायच्या. गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी भाकरीबरोबर गुळाचा खडा मागितला होता. "पाय कापायला लावायचाय का?" म्हणून सासूबाई त्यांच्या अंगावर ओरडल्या. पहाटे आबा गेले. तेव्हापासून सासूबाईंच्या डोळ्याला पाणी नव्हतं. येणाऱ्या बायका त्यांच्या गळ्यात पडून रडायच्या आणि त्या मधल्या खांबासारख्या उभ्या.

आमच्याकडं रीत अशी, की माणूस जिथं गेलं तिथं जमिनीवर पीठ पसरायचं, शेजारी दिवा ठेवायचा आणि पिठावर वेताची पाटी पालथी घालायची. सकाळी पाटी उचलून बघायचं, पिठात कसलं पाऊल उमटलंय. माणसाचं, पाखराचं, गाईचं, जे उमटेल त्या जन्माला ते माणूस गेलं. आबांच्या खाटेखाली आम्ही ताटभर ज्वारीचं पीठ पसरलं, पाटी घातली आणि पाटीवर वरवंटा ठेवला.

सकाळी वरवंटा एकीकडं, पाटी एकीकडं. पीठ अर्ध्याहून अधिक गायब. आणि उरलेल्या पिठात मधोमध कुत्र्याचं पाऊल.

आबांची थोरली बहीण, वडगाव निंबाळकरच्या आक्का, खाली वाकून बघत राहिल्या. "अगं बया," त्या म्हणाल्या, "माझा भाऊ घरातच राह्यला!"

आमचे हे जरा चाचरत म्हणाले, "आक्का, कुत्रं रोज खाटंखालीच झोपतं. त्यानं..."

"वरवंटा कुत्र्याला हलतो व्हय?"

इथं बारावी सायन्सनं तोंड उघडलं. मी पदराआडून म्हणाले, "नाही हलायचा. वजन बघा ना. तोल मधोमध होता." मी गुरुत्वाकर्षण वगैरे काहीतरी पुढं म्हणणार होते, तेवढ्यात कुत्रं पडवीतून आत आलं. त्याचं काळं तोंड नाकाखाली दोन्ही बाजूंनी पांढरं झालेलं.

"मिशा!" आक्का किंचाळल्या. "मिशा बगा! आबांच्या मिशा!"

आबांना पांढऱ्या झुपकेदार मिशा होत्या हे खरं. कुत्र्यानं पीठ खाल्लंय हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं, हेही खरं. त्या खोलीतल्या सगळ्या माणसांत पहिले हात कुणी जोडले म्हणता? मीच. आजही आठवलं की हात मागं लपवावेसे वाटतात.

आणि त्याच क्षणी कुत्र्याच्या पोटातून आवाज आला. साधा नाही. रिकाम्या हौदात नळ सोडल्यासारखा, लांबलचक, शेवटाला प्रश्न विचारल्यासारखा वर जाणारा. ताटभर कच्चं पीठ पोटात गेल्यावर दुसरं काय होणार? पण आमचे जोडलेले हात तसेच राहिले. सासूबाई, ज्या दोन दिवसांत कुणाशी बोलल्या नव्हत्या, त्या खांबाला धरून उठल्या, कुत्र्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "भूक लागली व्हय तुमास्नी?"

कमरेची किल्ली निघाली. कपाट उघडलं.

सुतकात घरात गोड करत नाहीत. पण ज्याचं सुतक त्याला सुतक कसलं, असा निकाल आक्कांनी जागच्या जागी दिला. त्या दिवसापासून आबांच्या घोंगड्यावर कुत्र्याची बैठक झाली. दहाव्यापर्यंत त्यांनी घर सोडू नये म्हणून आबांच्या उपरण्यानं त्याला खांबाला बांधलं. जन्मात ते कधी बांधलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यानं खूप हिसके दिले, मग माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. आमच्या दोघांच्या जागा अगदी समोरासमोर होत्या.

मग खाणं सुरू झालं. सकाळी गूळ-तूप लावून पोळी. मग वाटीभर दूध. सुतकाच्या घरी सोयरेधायरे भाकरी-पिठलं घेऊन येतात, त्यातला पहिला घास आता घोंगड्याकडं जायला लागला. बातमी पसरली तसं पाव्हणे आबांच्या आवडीचं शोधून आणायला लागले. पिंपळीच्या एका बाईनं शेंगदाण्याच्या पोळ्या आणल्या. कुणी काकवी आणली. प्रत्येक बाई घास पुढं करून म्हणायची, "आबा, मला वळखलं का?" आणि कुत्रं प्रत्येकीला ओळखायचं.

जेवढं खाईल तेवढं पोट गुरगुरायचं. आणि जेवढं गुरगुरेल तेवढं आक्का म्हणायच्या, "अजून न्हाय भरलं गं. वाढ." गूळ, काकवी, दुधावर दूध, ना फिरणं ना हिंडणं, पोट गुरगुरणार नाही तर काय करणार? रडणाऱ्या बायकांच्या आवाजावर त्याचा आवाज चढायचा. एकदा तर इंदापूरच्या कुणी वयस्कर गृहस्थानं गंभीर चेहऱ्यानं "आबांनी फार माया लावली" असं म्हणायला आणि पोटानं "गुर्रर्र-ऊंऽ" करायला एकच गाठ पडली. गृहस्थ दचकून म्हणाले, "तेच म्हणतोय मी."

मी काय करत होते? मी बायकांना विज्ञान समजावत होते. "हा आवाज मोठ्या आतड्यातला," असं सांगून मी बोट दाखवायचे, ते त्याच्या फासळ्यांवर. कॉलेजात पचनसंस्थेची आकृती मी सुंदर काढली होती, रंगीत पेन्सिलींनी. ती माणसाची होती, उभी होती, आणि तिच्यात गूळ नव्हता.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला काळजी वाटायचं कारणही नव्हतं. आज चार कुत्री सांभाळून झाल्यावर मला ठाऊक आहे: नुसत्या आवाजाला भ्यायचं नसतं. पोट आपलं काम करतंय, वारा इकडचा तिकडं सरकतोय, एवढाच त्याचा अर्थ. कुत्रं खातंय, शेपूट हलवतंय, शी नीट होतेय, तर वाजू द्या खुशाल. तेव्हाचं ते कुत्रं पहिले काही दिवस असंच होतं. मला पदर धरून ओढायला बघायचं आणि उपरण्याचा ताण बसला की मागं कोसळायचं.

आठव्या दिवशी सकाळी आवाज थांबला.

घरात सगळ्यांना हायसं वाटलं. "शांत झाला माझा भाऊ," आक्का म्हणाल्या. "आता कावळा बी लगेच शिवंल बगा." सासूबाई घोंगड्याच्या कडेला बसून होत्या, हातात गुळाचा खडा. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झालेला दिसला.

मी गोठ्यात गेले. गाईंना सुतक नसतं, धारा काढाव्याच लागतात, त्यामुळं दिवसातून दोन वेळा मला तेवढं अंगण ओलांडायला मिळायचं. त्या चाळीस पावलांची मी वाट बघायचे. धारेला बसले, गाईच्या कुशीला डोकं टेकलं. टेकल्या टेकल्या आतलं ऐकू येतं, गडगड, बुडबुड, रोजचंच. आणि माझ्या ध्यानात आलं. गाय फुगते तेव्हा आपण काय बघतो? डावी कूस टरारते, टिचकी मारली की ढोलासारखी वाजते, आणि आतला आवाज बंद होतो. फुगलेली गाय गप्प असते. आवाज असतो तोवर जीव चालू असतो.

हे मला बारावी सायन्सनं शिकवलं नव्हतं, धारेनं शिकवलं होतं. पण त्याला मी शिक्षण समजत नव्हते, म्हणून आठ दिवस ते डोक्यात आलंच नाही.

बादली तशीच ठेवून मी आत आले. कुत्रं उठत होतं, बसत होतं, परत उठत होतं. कुठल्याच कुशीवर त्याला टेकता येत नव्हतं. तोंडातून लाळ. मी खाली बसून पोटाला हात लावला. फासळ्यांच्या मागं पिकलेल्या कलिंगडासारखं टणक. एरवी मी हात लावला की ते गुरकावायचं. आता नुसतं माझ्याकडं बघत राहिलं.

"आत्या," मी सासूबाईंना म्हणाले, "ह्याला आज काही घालू नका."

सासूबाई काही बोलायच्या आत आक्का म्हणाल्या, "का गं? सासऱ्याचा घास सुनंला जड व्हतोय?"

"तसं नाही आक्का, पोट फुगलंय."

"भरलं की फुगतंयच. तुजं न्हाय फुगत?"

बाया पदरात हसल्या. मी नवऱ्याकडं बघितलं. त्यांनी छताकडं बघितलं. त्यांचीही पंचाईत होती. क्रियेला बसलेल्या माणसानं बापाला उपाशी ठेवा असं म्हणायचं कसं? मी कुठल्या बाजूनं बोलले तरी अर्थ एकच निघत होता, की आबांच्या तोंडचा घास काढणारी सून. आणि सासूबाईंच्या हातात तो खडा. संध्याकाळच्या त्या ओरडण्याची भरपाई त्या बाई आठ दिवस एकेका घासानं करत होत्या, ती मी कुठल्या तोंडानं थांबवणार होते? आणि नाही थांबवली तर कुत्रं मरणार होतं. त्यांच्या हातचं खाऊन. म्हणजे त्यांच्या लेखी आबा दुसऱ्यांदा जाणार, आणि ह्या वेळी खरोखरच त्यांच्या हातून.

मी परत गोठ्यात गेले. सुतकात आमचं दूध डेअरीवर घालायला शेजारच्या वस्तीवरचे तात्या यायचे. ते कॅन उचलत होते.

"तात्या, डेअरीवर सांगा, जनावरांच्या डॉक्टरला धाडून द्या. आत्ताच्या आत्ता. जर्शी खात नाही म्हणावं."

तात्यांनी जर्शीकडं बघितलं. जर्शीचं तोंड हिरव्या चाऱ्यानं भरलेलं होतं.

"ही? ही तर दाव्यासकट खाईल."

"आतून खात नाही," मी म्हणाले.

तात्या थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले. सुतकात माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो, असं त्यांना वाटलं असावं. पण निरोप त्यांनी पोचवला.

दुपार कलायच्या आत डॉक्टरची फटफटी उसातून येताना ऐकू आली. तोवर मी कोपऱ्यात बसून एकच काम केलं होतं. सासूबाई खडा पुढं करायला लागल्या की मी मोठ्यानं हुंदका द्यायचे. त्या दचकून माझ्याकडं बघायच्या, कुणीतरी पाणी आणायचं, तेवढी वेळ टळायची. बायका म्हणाल्या, "आज थोरलीला लईच उमाळं याया लागल्यात."

डॉक्टर तरुण होते, चष्मा लावणारे. गोठ्यात जाऊन त्यांनी जर्शीला सगळीकडून तपासलं. खांबाआडून मी म्हणाले, "तिला काही झालं नाही. आमच्या कुत्र्याला बघा."

"मग गाय का सांगितली?"

"कुत्रं सांगितलं असतं तर आला असता का?"

त्यांनी विचार केला. "नसतो आलो," ते म्हणाले, आणि पिशवी उचलून पडवीत आले. त्यांना कुणी या म्हटलं नाही. दारात उभं राहून त्यांनी आतलं दृश्य बघितलं: भिंतीला टेकून बसलेली माणसं, मधोमध घोंगडं, घोंगड्यावर उपरण्यानं बांधलेलं कुत्रं आणि त्याच्या पुढं चार वाट्या. काहीच न विचारता ते खाली बसले. कानाला नळी लावली आणि दुसरं टोक कुत्र्याच्या पोटावर ठेवलं.

आठ दिवस जे सगळे कानानं ऐकत होते, ते आता यंत्र लावून ऐकलं जात होतं. आक्का पुढं सरकल्या.

"काय म्हणत्यात?"

"काही म्हणत नाही," डॉक्टर म्हणाले. "तीच काळजी आहे."

त्यांनी बोटांनी पोटावर टिचकी मारली. ढब्ब असा पोकळ आवाज आला. ओठ वर करून हिरड्या बघितल्या. "ओकायला बघतंय का? नुसतं उबळ काढून, पण बाहेर काही पडत नाही, असं?"

"न्हाय," आमचे हे म्हणाले. आठ दिवसांत ते पहिल्यांदा सरळ बसले. "तसं न्हाय झालं."

"मग अजून वेळ आहे. जठराला पीळ बसला असता तर मी काही करू शकलो नसतो. हिरड्या पांढऱ्या पडायला लागल्या, कोरडी उबळ यायला लागली, तर थांबायचं नाही. गाडी करून लगेच बारामतीला मोठ्या दवाखान्यात. आवाज येत होता तोपर्यंत ठीक होतं. कालपर्यंत येत होता ना?"

"सारखा," सगळे एकदम म्हणाले.

"तो बरा होता. काय काय खायला घातलंय?"

सगळ्यांनी वाट्यांकडं बघितलं. मग एक बाई म्हणाली, "मी फकस्त दोन पोळ्या." दुसरी म्हणाली, "मी काकवीच दिली, ती तर पातळ असती." असं करत करत ते सगळं बाहेर निघालं. डॉक्टरांचा चेहरा लांब होत गेला. त्यांनी इंजेक्शन दिलं, कसलंसं औषध तोंडात पिळलं आणि म्हणाले, "आता उद्यापर्यंत एक कण द्यायचा नाही. पाणी थोडं थोडं. आणि ह्याला सोडा. फिरवा. बांधून खायला घालून घालून मारताय तुम्ही."

शेवटचं वाक्य त्यांनी सासूबाईंकडं बघून म्हटलं, कारण खडा त्यांच्या हातात होता. डॉक्टरांना काहीच ठाऊक नव्हतं बिचाऱ्यांना.

सासूबाई म्हणाल्या, "म्हंजी मी परत उपाशी ठेवायचं?"

"मावशी, उपाशी ठेवलं तरच जगंल."

"त्यो डॉक्टर बी हेच म्हणायचा." त्या हातातल्या खड्याकडं बघत राहिल्या. "मी त्याचं ऐकलं. समदं ऐकलं. ते सारखं मागायचं, मी द्यायची न्हाय. मला काय वाटत नव्हतं व्हय द्यावंसं?"

ह्या क्षणी सुनेनं सासूच्या हातावर हात ठेवून दोन शब्द बोलायचे असतात. मी म्हणाले, "आत्या, ताक आणू का?" कुणासाठी, ते मलाही माहीत नव्हतं.

पण सासूबाईंनी खडा घोंगड्याबाहेर जमिनीवर ठेवला आणि उपरण्याच्या गाठीला हात घातला.

"वैनी, दहाव्याच्या आधी?" आक्का पुढं झाल्या. "घराबाहीर सोडायचं?"

"वन्सं, बाजूला व्हा."

कुत्र्यानं ओढून ओढून गाठ आवळली होती. सासूबाईंनी ती दातांनी सोडवली आणि उपरण्याचं टोक माझ्या हातात दिलं. "तू फिरीव. तुला वळायची त्याला सवय हाय."

मी पदर खोचला आणि अंगणात उतरले. धारेची वेळ नव्हती, हातात बादली नव्हती. तरी भर दिवसा, सगळ्यांसमोर, मी अंगणात. कुत्रं चार पावलं टाकायचं, थांबायचं, पाठ वाकवायचं, परत चालायचं. गोठ्याला वळसा, कडब्याच्या गंजीला वळसा, परत पडवीसमोरून. पडवीत सगळं सुतक उठून उभं राहिलेलं. आक्कांना राहवलं नाही. "निदान उजवीकडनं तरी घाल," त्या ओरडल्या, "प्रदक्षिणा तरी व्हईल!" मी उजवीकडून घालायला लागले. डॉक्टर फटफटीला टेकून घड्याळ बघत उभे.

किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. गंजीपाशी कुत्रं एकाएकी थांबलं, मागचे पाय फाकवले, शेपूट वर केली. आणि जो आवाज झाला तो लिहायचा कसा, हे मला ह्या वयातही जमत नाही. फटफटी सुरू होऊन बंद पडावी तसा. कोंबड्या उडाल्या. जर्शीनं मान वळवून बघितलं. परत एकदा, तेवढाच लांब. मग बाकीचं सगळं, काकवीसकट.

"सुटलं!" डॉक्टर ओरडले.

"सुटलं!" आक्का ओरडल्या आणि त्यांनी चक्क हात जोडले.

पहिले हसले ते आमचे हे. भादरलेलं डोकं, उपरणं, आणि पोट धरून हसणं. मग मी हसले. मग मला आवाज आला तो मी आधी ओळखलाच नाही; सासूबाई हसत होत्या. पडवीच्या खांबाला धरून, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि "अगं बाई, अगं बाई," असं म्हणत त्या हसत होत्या.

अन् त्याच वेळी उसाच्या वळणावरून पाव्हण्यांनी भरलेला टेम्पो अंगणात शिरला. बायकांनी टेम्पोतूनच हेल काढला होता. सासूबाईंनी झटक्यात पदर तोंडावरून ओढला. आक्कांनी ओढला. मी एका हातात उपरणं धरून दुसऱ्या हातानं ओढला. हसू काही थांबत नव्हतं, खांदे गदगदत होते.

एक भरभक्कम बाई धावत आली आणि तिनं मला कवटाळलं. "किती रडशील गं बाई," ती म्हणाली, "अशी सून मिळायला नशीब लागतं." तिच्या मिठीत मला श्वास घेता येईना. सुटायचा प्रयत्न केला, तर ती म्हणाली, "रड, रड. मोकळी व्हो," आणि तिनं आणखी आवळलं. त्या धांदलीत उपरणं माझ्या हातातून निसटलं.

तिच्या खांद्यावरून मला कुत्रं दिसत होतं. ते उसाच्या कडेला गेलं, थोडं गवत चावलं, एकदा मागं वळून बघितलं आणि उपरणं फरफटवत पाचटात शिरलं. आत कुठंतरी त्याच्या पोटाचा लहानसा, चांगला आवाज आला, किंवा मला तसं वाटलं.

"वैनी, ते चाललं बगा!" आक्का पदराआडून म्हणाल्या. "हाक मारा की!"

सासूबाई त्या वेळेपर्यंत पाव्हण्यांच्या घोळक्यात मधोमध होत्या. त्यांचं हसू आता कुठल्या कुठं गेलं होतं आणि त्या खरोखर रडत होत्या, आठ दिवसांत पहिल्यांदा, मोठ्यानं, गळा मोकळा करून. रडता रडताच त्यांनी मान वळवून उसाकडं बघितलं.

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "भूक लागली की येतंय."